आकाशखोलीचं दार

"हे दार आत उघडते," ठवकर साहेब म्हणाले. "कोणी बसवलं असं?"

"पूर्वी ही धान्याची कोठी होती," खोब्रागडे मॅडम म्हणाल्या.

"धान्य पळत नाही, मॅडम. माणसं पळतात. घाबरली की सगळी दारावर जाऊन रेटतात, अन् दार त आत ओढायचं. मग उघडन कोण?"

ठवकर साहेब अग्निशमन दलाचे अधिकारी. त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं आणि ते बोट क्रीम रंगाचं होऊन परत आलं.

"रंग ओला आहे."

"कालच लावला," मॅडम जरा आवाज उतरवून म्हणाल्या. "समिती येणार, दर्शनी भाग रंगवून घ्या, असा वरून निरोप आला. रंगारी आले आणि त्यांनी सगळंच रंगवलं."

सगळंच म्हणजे खरोखर सगळंच. कडी, बिजागऱ्या, खिळे. चौकटीच्या कोपऱ्यात एक झुरळ होतं, तेही क्रीम रंगात कायमचं मुक्कामाला राहिलं होतं. ते बघून मी आणि माझ्या मैत्रिणीने, झोयाने, आधीच पोटभर हसून घेतलं होतं. आता हसू येत नव्हतं. त्या दारामागे आकाशखोली होती, आणि ती ठेवायची की पाडायची हे त्याच दुपारी ठरणार होतं.

तेव्हा मी आठवीत होते. आता अकरावीत आहे, आणि वादविवाद, सूत्रसंचालन, पथनाट्य, जिथे माइक दिसेल तिथे मी असते. 'ही पोट्टी गप्प बसू दे म्हणून मी देवीला नारळ बोलले आहे,' असं आमची आई येईल त्या पाहुण्याला सांगते. पण तेव्हाची रेवती उरकुडे वेगळीच होती. वर्गात धडा वाचायला उभी केली की घशाला आतून कुणीतरी गाठ मारायचं. पुस्तक दिसायचं, अक्षरं दिसायची, आवाज मात्र यायचा नाही. मुलं मला 'म्यूट' म्हणायची. "ए म्यूट, रबर दे ना." इतकं अंगवळणी पडलं होतं की एकदा हजेरी घेताना सरांनीही तेच नाव घेतलं, आणि मी मान हलवली.

आमच्या वरदखेडचं संग्रहालय तसं लहान. एका अंगाला इतिहास: जुनी नाणी, गंजकी तोफ, गोंड राजांच्या काळातले दगडी सिंह. दुसऱ्या अंगाला विज्ञान: दगड झालेलं झाड, कोळशाच्या खाणीची हलणारी प्रतिकृती, आणि सगळ्यात शेवटी आकाशखोली. तिथे मधोमध एक तेलाचं पिंप. त्याला शेकडो बारीक भोकं पाडलेली, आत एक बल्ब. खोली काळीकुट्ट करून बल्ब लावला की वरच्या पांढऱ्या घुमटावर तारे उमटायचे. हँडल फिरवलं की आकाश फिरायचं. त्याच्या बाजूला उभं राहून कुणीतरी बोलायचं, बस.

सातवीत शाळेची सहल तिथे गेली होती, तेव्हा पिंप फिरवायला मी हात वर केला, कारण फिरवताना बोलावं लागत नाही. संग्रहालय सांभाळणाऱ्या खोब्रागडे मॅडम तारे दाखवता दाखवता खोकल्याने बेजार झाल्या आणि पाणी प्यायला बाहेर गेल्या. अंधारात सगळा वर्ग बोंबलायला लागला. मग एक आवाज आला, "त्या तीन चांदण्या एका ओळीत दिसताहेत ना, ती तिफण." वर्ग गप्प झाला. आवाज माझा होता. मॅडमनी मागच्या वर्षीच्या सहलीत सांगितलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं आणि अंधारात मला कुणी बघत नव्हतं. गाठ नव्हतीच.

त्यानंतर दर रविवारी मी तिथे बोलायचे आणि झोया शेख पिंप फिरवायची. आमच्याकडे एकच नियम होता: आत कुणी काही विचारलं तर नाव विचारायचं नाही. म्हणून लोक काहीही विचारायचे. खेड्यातून आलेली एखादी बाई हळूच म्हणायची, "माय, मेलेलं माणूस चांदणी होते म्हणतात, खरं काय?" उजेडात ती हे कधीच विचारू शकली नसती. उजेडात मीही उत्तर देऊ शकले नसते.

आणि आता संग्रहालयाचं मोठं नूतनीकरण ठरलं होतं. मुंबईचे आर्किटेक्ट वर्तक यांनी पुठ्ठ्याची प्रतिकृती आणली होती. इतकी देखणी की पहिल्यांदा बघून झोया म्हणाली, "यात राहायला मिळेल का विचार ना." समितीत एक विद्यार्थी हवा होता, मॅडमनी माझं नाव दिलं. आधीच्या बैठकांत मी 'हो' एवढंच बोलले होते आणि बिस्किटं खाल्ली होती. प्रतिकृतीत आकाशखोलीच्या जागी मोठं गोल दालन होतं. त्यात नवं यंत्र, आणि एका नामवंत निवेदकाचा ध्वनिमुद्रित आवाज. वर्तकांनी मोबाइलवर नमुना ऐकवला. "विश्व... अनंत... अथांग..." तूप घातल्यासारखा आवाज होता. समितीतल्या लोकांनी माना डोलावल्या. तो आवाज आला की माझा गेला. मी पुन्हा 'म्यूट'.

खोब्रागडे मॅडमनी एकच विनंती केली होती. निर्णयाआधी समितीने एकदा आकाशखोलीत बसावं.

"बसू या," समितीच्या अध्यक्षा देशकर मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या. त्या मोठ्या सरकारी अधिकारी. बोलणं मोजकं, चालणं भरभर. "वर्तक, ठवकर, चला. किती वेळ लागेल?"

"थोडाच," खोब्रागडे मॅडम म्हणाल्या. "मोबाइल मात्र बाहेर टोपलीत ठेवावे लागतील. पडद्याचा उजेड पडला की तारे पुसतात."

"अन् दिव्याचं बटन?" ठवकर साहेबांनी विचारलं.

"बाहेर, व्हरांड्यात."

ठवकर साहेबांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. त्यांना लिहिताना बघून खोब्रागडे मॅडमचा चेहरा पडला.

सगळे आत जाऊन बाकांवर बसले. झोयाने बाहेरचं बटन बंद केलं, आत आली आणि दार लावलं. फटीतून उजेडाची रेघ आत येत होती, म्हणून ठवकर साहेब नको नको म्हणत असताना खोब्रागडे मॅडमनी स्वतः ते दार खांद्याने दाबून घट्ट बसवलं. बल्ब लागला. घुमटावर तारे आले. कुणीतरी "वा" म्हणालं आणि माझा जीव भांड्यात पडला.

मी सुरुवात केली. ध्रुव झाला, सप्तर्षी झाले. पिंप कुरकुरत होतं. आवाज छान लागला होता. मी कृत्तिकांच्या पुंजक्यापर्यंत आले आणि तारे गेले.

बल्ब, बाहेरच्या खोल्यांमधले पंखे, आमच्या झरोक्यातला हवा खेचणारा पंखा, सगळं एकदम. तो पंखा इतका वेळ घरघरत होता हे बंद पडल्यावर कळलं.

"लाइट गेली," झोया म्हणाली.

"दार उघड," ठवकर साहेबांचा आवाज आला.

झोयाची पावलं ऐकू आली. मग खटखट. मग पुन्हा खटखट. मग तिचा आवाज अगदी माझ्या दिशेने, बारीक. "रेवू, उघडत नाही आहे."

"सरक," ठवकर साहेब म्हणाले. त्यांनी दम लावून ओढलेलं कळलं. काहीतरी तुटलं आणि फरशीवर टणकन पडलं. दाराची मूठ होती. ओला रंग, बाहेरचं ऊन आणि मॅडमचा खांदा. दार चौकटीला चिकटलं होतं.

"बाहेर कोण आहे?" देशकर मॅडमनी विचारलं.

"सगळे मागच्या अंगणात आहेत," खोब्रागडे मॅडम म्हणाल्या. "चहा आणि आलूबोंड्यांची तयारी करायला."

"सगळेच?"

"समिती येणार होती ना."

त्याच वेळी बाहेर टोपलीतला कुणाचा तरी फोन वाजायला लागला, गणपतीची आरती. ती पूर्ण वाजली, थांबली आणि पुन्हा सुरू झाली. जाड भिंतींतून ती दूरच्या लग्नासारखी ऐकू येत होती. समितीतला कुणीतरी "अरे, कोणी आहे का?" म्हणून ओरडला. मग दुसरा ओरडला. मग सगळेच. कोठीच्या भिंती पूर्वी चोरांना फोडता येऊ नयेत इतक्या जाड बांधलेल्या होत्या. आमचा आवाज बाहेर जात नव्हता.

हवा तापायला लागली. रंगाचा वास घशात बसू लागला. एक बाक उलटला. कुणीतरी धडपडून पिंपावर आदळलं आणि "चटका बसला" म्हणून ओरडलं. मग माणसं उठलीच. मला ती दिसत नव्हती, पण सगळी एकाच दिशेने जाताना जाणवत होती. दारावर थपडा पडायला लागल्या.

"मागे व्हा," ठवकर साहेब ओरडत होते. "दार आत येते हो, तुम्हीच अडवून राहिले ते. मागे व्हा." कुणी ऐकत नव्हतं. झोया रडवेली होऊन म्हणाली, "काका, माझा पाय."

तेवढ्यात एक हात माझ्या मनगटावर पडला आणि त्याने ते करकचून धरलं. घामाने ओला, थरथरणारा. "मला बंद जागेत... मला जमत नाही," कुणीतरी कुजबुजलं. आवाज मी ओळखला. पण आकाशखोलीचा नियम होता, म्हणून ओळखला नाही असं ठरवलं.

"बसा," मी म्हणाले.

रविवारी म्हणते तशीच म्हणाले. ओरडून नाही. "सगळे आहात तिथेच खाली बसा. बाकावर नाही, फरशीवर. फरशी गार आहे आणि खाली रंगाचा वासही कमी आहे."

थपडा थांबल्या.

"कोण बोलतंय?" एक पुरुषी आवाज.

"इथे नाव विचारत नाहीत. बसा. बसल्या बसल्या दारापासून मागे सरका. बाजूला जो कोणी असेल त्याचा हात धरा. ओळखीचा नसला तरी चालेल."

कपड्यांची सळसळ झाली. गुडघे वाजले. कुणाची तरी साडी कुणाच्या तरी पायाखाली आली आणि "सॉरी, सॉरी" झालं. दाराजवळ जागा झाल्याचं ठवकर साहेबांच्या मोकळ्या श्वासावरून कळलं.

"झोया, दप्तर आहे का तुझं?" त्यांनी विचारलं. "पट्टी पाहिजे. स्टीलची."

"कंपासमध्ये आहे. छोटी आहे."

"दे. रंगच कापायचा आहे." मग जरा थांबून, "अन् तू, पोरी. तू बोलत राहा. तू थांबली की हे उठतीन."

खर्र. पट्टी चौकटीच्या फटीतून खाली जाऊ लागली.

"वर बघा," मी म्हणाले. "काही दिसत नाही, बरोबर. आता कुठे काय आहे ते मी सांगते. माझ्या आवाजाच्या वर सप्तर्षी आहेत. शाळेत त्यांना ऋषी म्हणतात, पण आमच्या आजोळी खाटलं म्हणतात. चार तारे म्हणजे खाटल्याचे चार पाय. एका म्हातारीचं खाटलं आहे ते, आणि त्याचे पाय सोन्याचे आहेत."

"सोन्याचे काहून?" अंधारातून कुणीतरी विचारलं.

"तिलाच माहीत. मागे तीन तारे आहेत ना, ते चोर. ते येतात ते खाटलं पळवायला. म्हातारी झोपली की न्यायचं, असं ठरवून रात्रभर मागे मागे फिरतात. पण म्हातारी झोपतच नाही."

खर्र, खर्र. माझं मनगट दुखत होतं. मी ते सोडवलं नाही, उलट दुसरा हात त्या हातावर ठेवला.

"मग चोर काय करतात?"

"चोरही झोपत नाहीत. म्हणून तर रोज दिसतात."

कुणीतरी नाकातून हसलं. मी म्हातारीला आणखी बरंच काही करायला लावलं. तिला खोकला लावला, तिच्याकडून चोरांना शिव्या देवविल्या, एकदा तर तिच्याकडून त्यांना पाणी पाजवलं. आजोळच्या गोष्टीत यातलं काहीही नाही. पट्टी एकदा सटकली. "काही नाही, बोट आहे," ठवकर साहेब म्हणाले आणि कुणाकडे तरी रुमाल मागितला. हवा इतकी जड झाली होती की प्रत्येक वाक्य ओढून आणावं लागत होतं. आणि मग गोष्ट संपली. दार तसंच होतं.

मी थांबले. लगेच कुणीतरी गुडघ्यावर उठल्याचं ऐकू आलं.

"आता तुम्ही सांगा," मी घाईने म्हणाले. "लहानपणी उन्हाळ्यात अंगणात झोपायचे ना सगळे. वर बघून काय करायचात?"

आरतीवाला फोन पुन्हा वाजून थांबला. मग एक बाईचा आवाज आला, मघाशी घड्याळ बघणारा. पण आता त्यात घाई नव्हती.

"मी मोजायचे. मावशी ओरडायची, चांदण्या मोजू नको, चामखिळी येतील. मी तरी मोजायचे."

"आल्या?" झोयाने विचारलं.

"एक आली. मानेवर. अजून आहे."

सगळे हसले. भीतीतलं हसू जरा जास्तच मोठं असतं, तसं. मग एकाने त्याच्या आजोबांचं सांगितलं, दुसऱ्याने बाजेवरून पडल्याचं. मग माझ्या अगदी जवळून, माझं मनगट धरलेला आवाज म्हणाला, "मी नीट पाहिलेच नाहीत कधी. आमच्या बिल्डिंगमधून दिसायचे नाहीत."

"दार उघडलं की मी दाखवीन," मी म्हणाले. "खरे."

"सरका सगळे," ठवकर साहेब म्हणाले. "ओढतो."

कापड फाटावं तसा लांब आवाज झाला आणि उजेड आत पडला. एवढा की डोळे मिटावे लागले. डोळे उघडले तेव्हा माझ्या मनगटावर बोटांचे पाचही वळ होते आणि त्यावर हात कुणाचाच नव्हता.

व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. पाणी आलं, चहा आला. आलूबोंडे तसेच राहिले. ठवकर साहेबांच्या बोटाला रुमाल गुंडाळलेला होता. खोब्रागडे मॅडम एका बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या पांढऱ्या ब्लाउजच्या खांद्यावर दार दाबल्याचा मोठा क्रीम डाग होता, आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

"ठवकर?" देशकर मॅडमनी विचारलं.

"माझं मत मी आधीच लिहून ठेवलं होतं, मॅडम. आता सांगायची गरजच उरली नाही."

"वर्तक?"

वर्तक कपातल्या चहाकडे बघत होते. त्यांनी फक्त मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"मग प्रश्न मिटला," समितीतले एक गृहस्थ म्हणाले. "खोली पाडा, नवं दालन करा, तो रेकॉर्ड केलेला आवाज घ्या. गोड होता."

"विद्यार्थी प्रतिनिधी," देशकर मॅडम म्हणाल्या. "तुझं काय म्हणणं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भर उजेडात, इतके चेहरे. गाठ आली, नेहमीच्याच जागी. खोब्रागडे मॅडम माझ्याकडे अशा बघत होत्या की त्यांना काय हवंय हे मला कळत होतं. हा दोष रंगाचा होता, खोलीचा नाही, एवढंच मी म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं ते. झोया माझ्या मागे आली आणि माझ्या पाठीत बोट खुपसून पुटपुटली, "बोल ना, यार. आत तर थांबत नव्हतीस."

"ठवकर काकांचं बरोबर आहे," मी म्हणाले. आवाज फाटका आला, पण आला. "ही खोली आजच बंद करा."

खोब्रागडे मॅडमनी डोळे मिटून घेतले. मी थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते.

"दोन दारं हवीत. बाहेर उघडणारी. दिवे खाली, पायाशी लावा. वर बघणाऱ्याला ते दिसणार नाहीत, पळणाऱ्याला दिसतील. बटन आत हवं. हे सगळं बरोबरच आहे. पण तो रेकॉर्ड केलेला आवाज..." इथे श्वास संपला. मी नवा घेतला. "आज त्याला कळलं नसतं. लाइट गेली की तो बंद पडला असता. नाहीतर बॅटरीवर चालत राहिला असता, विश्व, अनंत, अथांग म्हणत, आणि झोयाचा पाय गर्दीखाली चेंगरला असता."

मागच्या अंगणात भांडी वाजत होती.

"तिनं लोकांना बसवलं," ठवकर साहेब रुमालाकडे बघत म्हणाले. "मी ओरडून बसवू शकलो नसतो. माझ्या नियमांच्या कलमांत हे लिहायला जागा नाही, पण खरं आहे."

देशकर मॅडम वर्तकांकडे वळल्या. "बोलणारं माणूस ठेवायचं तर नकाशात बसतं का?"

वर्तकांनी कप खाली ठेवला. नकाशाची गुंडाळी सोडून टेबलावर पसरली, तिच्या कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले आणि खिशातून पेन्सिल काढली. गोल दालनाच्या मध्यावर त्यांनी यंत्राची जागा दाखवली होती. दोन नवी दारं त्यांनी तिथल्या तिथे काढली. हात अजून किंचित थरथरत होता. मग पेन्सिल हवेतच थांबली, आणि त्यांनी मला विचारलं, मला, सगळ्यांसमोर:

"बोलणारा कुठे उभा राहील? मध्यभागी, यंत्राजवळ?"

"नाही," मी म्हणाले. "दाराजवळ."

त्यांनी दाराशेजारी एक छोटा गोल काढला. मग पेन्सिल खिशात ठेवून पेन काढलं, आणि तोच गोल शाईने पुन्हा गिरवला.